चौदा एप्रिलची चौकट

चौथे पान उघडले आणि माझा लेख समोर आला. पण तो या वर्षीचा नव्हता. वर माझे नेहमीचे छायाचित्र, त्याखाली ‘कुंदनताई’ एवढेच नाव, भोवती निळ्या रेघेची चौकट, आणि पहिले वाक्य: ‘माझ्या आजोबांच्या कपाळावर एक खोक होती.’ हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी लिहिले होते. सकाळचे सात वाजले असतील. ऊन अजून गॅलरीच्या कठड्याखालीच होते, नाशिकरोड स्टेशनाच्या बाजूने एक गाडी शिट्टी देत गेली, आणि मी हातातला कप इतक्या सावकाश बशीत ठेवला की माझे मलाच नवल वाटले. ज्या अंकाची मी तीन दिवस धास्ती घेतली होती तो हा नव्हताच. छातीत काहीतरी घट्ट आवळून बसले होते ते सुटले. आणि सुटले याची त्याच क्षणी लाजही वाटली. मी अंक घडी करून मांडीवर ठेवला, पुन्हा उघडला, चष्म्याची काच पदराने पुसली. खोक तिथेच होती.

चूक कशी झाली हे समजायला मला फार वेळ लागला नाही, कारण ती माझ्याच शिस्तीतून झाली होती. लेख हाताने लिहायचा, नातीने, म्हणजे तेजस्विनीने, पुण्याहून त्याचा फोटो मागवून तो टंकून माझ्या फोनमधल्या यादीत ठेवायचा, आणि कचेरीला पाठवायचा मात्र मीच, असा आमच्या घरातला नियम आहे. जुने लेखही तिने एका सुट्टीत टंकून त्याच यादीत लावले. एकतीस वर्षांचे एकतीस लेख, आणि प्रत्येकाचे नाव ‘चौदा एप्रिल’. आजी, निदान सन तरी घालू का, असे तिने विचारले होते; दिवस एकच आहे तर नाव दुसरे कशाला, असे मी बजावले होते. अकरा तारखेला दुपारी, रक्तदाबाची गोळी घेतल्यावर जी गुंगी येते त्या गुंगीत, चष्मा शोधण्याचा कंटाळा करून मी त्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवले. संपादक प्रफुल्ल माझ्याच हाताखाली तयार झालेला मुलगा. त्याने तो लेख न वाचता पानात लावला. त्याला दोष देता येत नाही. कुंदनताईंचा लेख वाचायचा नसतो, लावायचा असतो. कचेरीत हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आज ते मलाही कळले.

या वर्षीचा खरा लेख ‘मी दमले आहे’ या तीन शब्दांनी सुरू होत होता. आठ तारखेला डॉक्टरीण बाईंनी दंडाचा पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला, आणि पंधरा दिवस लिहिणे नाही, भाषण नाही, मंच नाही, असे सांगितले. त्यांचे वय माझ्या सुनेपेक्षाही कमी. मी त्यांना म्हटले, जयंती होऊन जाऊ द्या, मग तुमचे ऐकते. त्या म्हणाल्या, आजी, शरीर कॅलेंडर बघत नाही. घरी आले आणि त्याच चिडीत लिहायला बसले, तर हाताने भलतेच लिहिले. लिहिले की दर वर्षी एप्रिल लागला की मला आजोबांच्या कपाळावरची खपली काढावी लागते. की उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत मला कोणी कांद्याच्या भावाविषयी, गंगापूर धरणातल्या पाण्याविषयी, महापालिकेच्या कारभाराविषयी एक शब्द विचारत नाही. की मी एका तारखेची बाई होऊन बसले आहे आणि त्या तारखेचे ओझे आता माझ्या हृदयाला पेलत नाही. लिहून झाल्यावर हलके वाटले. पाठवल्यावर मात्र तीन दिवस अन्न गोड लागेना. दिलेला मजकूर परत मागायचा नाही, ही माझी शपथ मी पंचेचाळीस वर्षे पाळली आहे. म्हणून वाट पाहत राहिले. आपले लोक म्हणतील, तुम्हीच दमलात तर आम्ही कुणाकडे पाहावे. बाकीचे म्हणतील, चला, बाई एकदाची खचली. दोन्ही वाक्ये मला आवाजांसकट ऐकू येत होती.

आणि आता कोणीच काही म्हणणार नव्हते. दमल्याचा कागद माझ्या टेबलाच्या खणात सुरक्षित होता. पण चौकटीतला तो जुना मजकूर मी पुन्हा वाचू लागले, आणि वाचता वाचता एक विचित्र गोष्ट ध्यानात आली की लेख चांगला होता. आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात, रामाचा रथ निघाला त्या दिवशी, पुढे होते. दगड आला, कपाळ फुटले. आजीने रस्त्याकडेला बसून त्या खोकेत हळद भरली. आजोबांनी विचारले, रथ कुठवर गेला? एवढेच मी ऐकले आहे, तेही वडिलांच्या तोंडून, एकदाच. बाकी सर्व एकतीस वर्षांत मी भरत गेले. कधी उन्हाची तिरीप घातली, कधी गोदावरीचे पाणी, कधी गर्दीतल्या एखाद्या बाईचा चेहरा. माणूस एकदाच जखमी झाला होता. मी त्याला दर वर्षी त्याच रस्त्यावर उभा करीत आले, आणि दगड यायच्या आधी त्याला बाजूला व्हायला एकदाही सांगितले नाही. लेख लिहून झाला की मला आठवडाभर कपाळ दुखायचे. मिस्टर हयात होते तोवर ते बाम आणून देत आणि म्हणत, एवढे मनाला लावून घेऊ नये. बाम लावून मी स्वयंपाकाला लागत असे.

आठ वाजल्यापासून फोन सुरू झाले. एका महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणाले, ताई, यंदाचा लेख नेहमीपेक्षा वेगळा उतरला. एका पक्षाच्या शहराध्यक्षांनी सांगितले की वाचून अंगावर काटा आला. अर्ध्या तासाने त्यांच्या विरोधी पक्षाच्या शहराध्यक्षांनीही नेमके तेच सांगितले, आणि संध्याकाळी मंचावर आपल्याच शेजारी बसावे अशी विनंती केली. महिला मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, तुमची लेखणी दिवसेंदिवस धारदार होत चालली आहे. मी प्रत्येकाचे आभार मानले. प्रथम राग आला, इतका की सुनेने, योगिनीने, माझ्या हातून फोन काढून घेऊन पाण्याचा तांब्या ठेवला. मग राग कुठे गेला ते कळले नाही. जणू एका भिंतीला मी एकतीस वर्षे पाठ लावून उभी आहे, मी हलले तर ती पडेल अशा समजुतीने. आणि आज नकळत जरा पुढे सरकले, तर भिंत जागची हललीसुद्धा नाही. एवढेच काय, ती माझ्या पाठीवर कधी टेकलेलीच नव्हती.

एकोणीसशे एकोणऐंशी साली मी त्या वर्तमानपत्रात लागले तेव्हा तिथे बायकांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाचीसुद्धा सोय नव्हती. तेव्हाचे संपादक सज्जन होते. त्यांनी मृदू शब्दांत सुचवले की नावापुढे आडनाव नको, वाचक बिचकतात. मी काढले. चौऱ्याण्णव साली दुसरे संपादक आले, तेही सज्जन, आणि त्यांनी तितक्याच मृदू शब्दांत सुचवले की चौदा एप्रिलच्या लेखावर आडनाव जरूर घालावे. वाचकांना कळले पाहिजे. तेव्हा मी घातले नाही. मला सुरुवातीपासून हवे होते बाजार समितीच्या बातम्यांचे काम. बाईमाणूस लिलावात कुठे जाणार, असे म्हणून पहिल्या संपादकांनी मला पाककृतींचे सदर दिले. मी पाककृती लिहून ठेवी आणि पहाटेच्या एसटीने पिंपळगाव बसवंतला जाई. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर रांगेने उभे. व्यापारी एकेका ट्रॉलीशी थांबून मूठभर कांदा उचलणार, दाबून पाहणार, पुटपुटल्यासारखी बोली बोलणार. पन्नास पावलांत एका घराच्या वर्षाचा निकाल. मी वही घेऊन त्यांच्यामागे चाले. साडीच्या निऱ्यांना कांद्याची साले चिकटत. देवळ्याकडचा एक म्हातारा शेतकरी मला बराच वेळ न्याहाळून म्हणाला होता, ‘पेपरातल्या हाय का बाई तुम्ही? मंग लिहा, भाव पडला नाय, पाडला.’ ती माझी पहिली पहिल्या पानावरची बातमी. त्या माणसाने माझी जात विचारली नाही. त्याला घाई होती. मला वाटते मी आयुष्यात सर्वांत सुखी त्या आवारात होते.

मी रंगाने काळी, आणि त्यावरून ऐकून घेण्याची सवयही जन्मापासूनची. वडिलांनी, भिमाजींनी, हौसेने नाव कुंदन ठेवले. बाराव्या दिवशी सिंधुबाई आत्या पाळण्यात डोकावून म्हणाली, ‘दादा, नाव कुंदन आन् निघाला कोळसा. धुऊन बघितला का?’ ही कथा ती माझ्या लग्नातही सांगत होती आणि सर्वांत मोठ्याने आई हसत होती, कारण न हसून करणार काय. पुढे मंत्र्यांच्या एका पत्रकार परिषदेत, विश्रामगृहाच्या हिरव्या गालिच्यावर, वही घेऊन उभी असताना एका साहेबांनी रिकामा कप माझ्या हातात दिला. मी तो घेतला. मागच्या टेबलावर नेऊन ठेवला, परत आले, आणि त्याच साहेबांना त्या वर्षीच्या कालव्याच्या निविदेविषयी असा प्रश्न विचारला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. हे सर्व मी विनोदाने सांगत आले आहे. माझ्या भाषणात या प्रसंगाला नेहमी टाळ्या पडतात. कप हातात आला तेव्हा तो किती कोमट होता, हे मात्र मी अजून कुणाला सांगितले नाही.

आणि आपल्या माणसांचा मंच म्हणजे तरी काय. तिथे माझे बोलणे नेहमी सर्वांत शेवटी, आभारापूर्वी, ताई पाच मिनिटे. पुरुषांनी समतेवर दीड दीड तास बोलायचे, आणि चहा आला की ट्रे माझ्या बाजूने सरकवायचा. मी एकदा तो ट्रे तसाच पुढे सरकवला, अध्यक्षांपर्यंत. त्यानंतर मला मान मिळू लागला. मानाबरोबर खुर्ची आली, खुर्चीबरोबर वर्षातल्या ठरावीक तारखा. आई, गोजराबाई, दिवसभर सिन्नरच्या कारखानदाराच्या विड्या वळत असे. मांडीवर सूप, बोटे चालूच. पाठ दुखते का, असे मी लहानपणी विचारले की ती म्हणे, ‘पाठ हाय व्हय मला?’ मला ते उत्तर फार आवडे. मोठेपणी मी तेच शहाणपण समजून सुनेला ऐकवले, नातीलाही ऐकवले. तेजस्विनी पुण्याला नोकरी करते. मागच्या महिन्यात तिने एक दिवस रजा घेतली आणि कारण विचारल्यावर म्हणाली, आजी, सेल्फ-केअर. मी म्हटले, आमच्या काळी याला आळस म्हणत. ती हसली नाही. तिने शांतपणे विचारले, ‘आजी, तुमच्या काळी तुमची काळजी कोण घेत होतं?’ मी विषय बदलला. पण प्रश्न गेला नाही. डॉक्टरीण बाईंच्या खोलीत पट्टा आवळला जात असताना तो माझ्याच आवाजात मला ऐकू आला.

साडेदहाच्या सुमारास बहिरूचा फोन आला. बहिरू आमच्या छापखान्यातला जुना खिळे जुळवणारा. माझा पहिला मजकूर त्याने शिशाच्या एकेका अक्षराने उभा केला होता. आता ऐंशीच्या घरात आहे, मखमलाबादला मुलाच्या मळ्यात राहतो, आणि सकाळी अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, निविदांसकट, वाचतो. त्याने रामराम केला, जय भीम केला, आणि द्राक्षे यंदा लवकर उरकली ते सांगितले.

‘बाई, लेख वाचला.’

मी म्हटले, बरे झाले.

‘हा तुम्ही मागं लिव्हला व्हता.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘त्या हळदीपाशी मागच्या वक्ताला माझ्या डोळ्याला पाणी आलतं. आज नाय आलं. म्हटलं, बहिरू, हे वाचलेलं हाय.’ मग आवाज उतरवून त्याने विचारले, ‘तब्येत बरी हाय ना, बाई?’

सकाळपासून चाळीस माणसांनी मला धारदार म्हटले होते, आणि एकाने, ज्याने खरोखर वाचले होते, तब्येत विचारली. पंचेचाळीस वर्षांत मी ‘बरी आहे’ हे उत्तर इतक्या वेळा दिले आहे की ते तोंडातून आपोआप बाहेर पडते. आज ते पडले नाही. मी म्हटले, ‘नाही बहिरू, बरी नाही.’ हे वाक्य मी स्वतः ऐकले. योगिनी दाराशी कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले.

बहिरूला मात्र त्यात काही विशेष वाटले नाही. ‘मंग बसा की घरी,’ तो म्हणाला. ‘मी रिटायर झालो तवा मला वाटलं व्हतं, उद्या पेपर निघायचा नाय. सकाळी पाचला उठून दारात उभा ऱ्हायलो. आला की पेपर. लय राग आला मला. मग च्या घेतला.’

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. हसताना छातीत दुखले नाही, हेही ध्यानात आले. बहिरू पलीकडून विचारत राहिला, काय झालं बाई, काय झालं. आणि मला सांगता येईना.

फोन ठेवल्यावर मी उठून तोंड धुतले, केस नीट केले, साडीचा पदर सावरला आणि प्रफुल्लला फोन लावला. काही बोलणी माणसाने नीटनेटके होऊनच करावीत, जरी पलीकडच्याला दिसत नसले तरी. त्याने उचलताच अभिनंदनाला सुरुवात केली. मी त्याला थांबवले आणि सांगितले की आजचा लेख नऊ वर्षांपूर्वीचा आहे, चूक माझी आहे, आणि उद्याच्या अंकात त्याच पानावर तसे दोन ओळींत छापावे. तो घाबरला. म्हणाला की कुणाच्याही लक्षात आलेले नाही, उगाच कशाला, नवा लेख असेल तर रविवारच्या पुरवणीत मोठा लावू, चित्रासकट. मी म्हटले, नवा लेख आहे, पण तो मी देणार नाही. तो माझ्याकडे राहील. आणि पुढच्या वर्षीपासून या दिवसाचा लेख मी लिहिणार नाही. ओळी मी सांगते, लिहून घे. त्याने लिहून घेतल्या. कारण काय घालू, असे विचारले. मी म्हटले, कारण घालू नकोस. माणसाला थांबायला कारण लागत नाही.

त्याच्या कचेरीतला पंखा मला ऐकू येत होता. तो मी असतानापासून तसाच वाजतो.

‘ताई,’ तो शेवटी म्हणाला, ‘मग पुढच्या वर्षी त्या चौकटीत काय लावायचं?’

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी रागावले नाही. त्याचे घराणे पंचवटीतले. कचेरीत नवा आला तेव्हा तो अभिमानाने सांगे की रथ दर वर्षी त्यांच्या ओट्यापुढून जातो, पणजोबांच्या वेळेपासून. तेव्हा मी ऐकून घेतले होते. माझे आजोबा त्याच रस्त्यावर होते हे त्याला ठाऊक होते, कारण तेव्हा माझे लेख तोच तपासत असे. दोन गोष्टी त्याने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, आणि मीही, खरे सांगायचे तर, ठेवू दिल्या नव्हत्या. जखम सांगायचे काम आमचे, हे त्याने मानले होते आणि मीही मानले होते.

‘तू लिही,’ मी म्हटले.

‘मी? ताई, मी काय लिहिणार? तो दिवस माझा...’

‘तुझे पणजोबा त्या दिवशी ओट्यावर उभे असतील. त्यांनी काय पाहिलं, आत जाऊन दार लावलं की बाहेरच थांबले, हातात काही होतं की नव्हतं, हे घरी विचार. रस्त्यावरून काय दिसत होतं ते मी एकतीस वेळा लिहिलं. ओट्यावरून काय दिसत होतं, ते अजून कुणी लिहिलेलं नाही.’

तो म्हणाला, ‘आमच्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही, ताई.’

‘मग आत्तापासून विचारायला लाग. वर्ष आहे तुझ्याकडे.’

शब्द किती, असे त्याने विचारले. जुन्या सवयीने, विद्यार्थ्यासारखे. ते तुझे तू ठरव, असे सांगून मी फोन ठेवला. वाटले होते की काहीतरी मोठे वाटेल, रडू येईल. तसे काही झाले नाही. भूक लागली होती.

योगिनी काही न विचारता आत गेली आणि जयंतीसाठी केलेल्या खिरीची वाटी घेऊन आली. डॉक्टरांनी गोड कमी सांगितले आहे, म्हणून अर्धीच भरली होती. तिने विचारले, ‘आई, संध्याकाळच्या मंडळींना काय कळवू?’ मी सांगितले, येत नाहीत म्हणून कळव. तिने त्यावर ‘बरं’ म्हटले, आणि चोवीस वर्षांत प्रथमच, मी सांगितल्याशिवाय, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. खाली चौकात डीजेची चाचणी सुरू झाली होती. एकच सूर वाजे, थांबे, पुन्हा वाजे. मंचावर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची असेल. कोणीतरी चिठ्ठी काढील, आणि कोणीतरी बसेल. मी पंख्याखाली पाय पसरून खीर खाल्ली आणि उरलेली अर्धी वाटीही आण, असे तिला सांगितले.